हसण्याची नोकरी

एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी आठवून पाहा. आत एक गृहस्थ बसलेले असतात. समोर मळकट वेळापत्रक, हाताशी माइक, बाहेर रेटारेटी. 'साहेब, नाशिक किती वाजता?' हा प्रश्न त्यांना सकाळपासून किती वेळा ऐकावा लागला असेल याची गणती नाही. फलकावर वेळ लिहिलेली असते, त्यांनी आत्ताच माइकवरून सांगितलेलीही असते. तरी विचारणारा विचारतोच, कारण त्याच्या दृष्टीने तो प्रश्न पहिल्यांदाच विचारला जात असतो. उत्तर येते, 'फलाट चार. लागेल तेव्हा लागेल.' आपण पुटपुटत बाजूला होतो, काय तुसडा माणूस आहे!

आता विमानतळावरचा काउंटर घ्या. प्रश्न तोच, तेवढ्याच वेळा विचारलेला. गाडीऐवजी विमान दोन तास उशिरा आहे इतकाच फरक. पण तिथली मुलगी मान किंचित झुकवून, हसून, झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमा मागते. विमानाला उशीर तिने केलेला नसतो, तरी मागते. आपण मनात म्हणतो, किती गोड मुलगी!

दोन्ही ठिकाणी आपण सारे श्रेय किंवा दोष स्वभावाला देऊन मोकळे होतो. कदाचित ते गृहस्थ घरी गेल्यावर नातवासाठी घोडा होत असतील आणि ती मुलगी घरात पाऊल टाकताच आईवर खेकसत असेल. फरक स्वभावाचा कमी आणि नोकरीचा जास्त आहे. खिडकीतल्या गृहस्थांना पगार मिळतो तो माहिती देण्याचा. मुलीला मिळतो तो माहिती देण्याचा आणि हसण्याचा. या दुसऱ्या कामाला पगाराच्या पावतीवर वेगळा रकाना नसतो. त्याच कामाबद्दल आज बोलायचे आहे.

या कामाला नाव मिळाले ते १९८३ मध्ये. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आर्ली रसेल हॉकशिल्ड नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. त्या वर्षी त्यांचे 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी 'इमोशनल लेबर' हा शब्दप्रयोग केला. मराठीत आपण त्याला भावनिक श्रम म्हणू. बाईंचे वडील परराष्ट्र सेवेत होते. बारा वर्षांच्या असताना घरच्या मेजवानीत पाहुण्यांपुढे शेंगदाण्यांची बशी फिरवताना त्या एकेकाचे हसू न्याहाळत. पाहुणे गेल्यावर आईवडील बोलत बसत, अमक्या वकिलाचे हसू आखडते होते, तमक्याने हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, याचा अर्थ काय असेल? ते हसू माणसाचे होते की त्याच्या सरकारचे, असा प्रश्न त्या मुलीला पडला आणि तो पुढे आयुष्यभर सुटला नाही.

अभ्यासासाठी त्यांनी विमानातल्या हवाईसुंदरी निवडल्या. अॅटलांटा इथल्या डेल्टा या विमान कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात त्या जाऊन बसल्या, वर्गांना हजर राहिल्या, मुलाखती घेतल्या. सेवा देताना स्वयंपाकघरातली ट्रे जितकी नीट हवी तितकेच चेहऱ्यावरचे हसू नीट हवे, आणि ते नुसते ओठांवरचे नको, मनातून आलेले हवे, असे तिथे शिकवले जाई. त्या काळात कॅलिफोर्नियातली पॅसिफिक साउथवेस्ट ही कंपनी तर विमानाच्या नाकाखालीच हसू रंगवत असे आणि आमच्या मुलींचे हसू मात्र रंगवलेले नाही, अशी जाहिरात करत असे. म्हणजे तिकिटाच्या पैशात आसन, जेवण आणि खरेखुरे हसू!

बाईंनी एक किस्सा सांगितला आहे. एका प्रवाशाने एका हवाईसुंदरीला विचारले, तू हसत का नाहीस? ती म्हणाली, आधी तुम्ही हसून दाखवा, मग मी हसेन. साहेब हसले. ती म्हणाली, छान, आता असेच पंधरा तास राहा. आणि ती निघून गेली.

हा किस्सा ऐकून हसू येते. पण बाईंचे पुस्तक सुरू होते ते एका वेगळ्याच चित्राने. मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथात इंग्लंडमधल्या भिंतीचे कागद छापणाऱ्या कारखान्यातल्या एका पोराची हकीकत आहे. पोर सात वर्षांचे, काम सोळा तासांचे. आई त्याला पाठीवर घेऊन कारखान्यात नेई आणि यंत्राशी उभ्या असलेल्या त्या पोराला गुडघे टेकून घास भरवी, कारण त्याला यंत्र सोडायची मुभा नव्हती. बाई विचारतात, त्या पोरात आणि एसी विमानात फिरणाऱ्या या मुलीत काही साम्य आहे का? हाल सारखे नाहीत, हे त्या आधीच मान्य करतात. साम्य त्यांना असे दिसते की पोराचे हातपाय जसे त्याचे राहिले नव्हते, यंत्राचा भाग झाले होते, तशी या मुलीची भावना तिची राहत नाही, मालाचा भाग होते. हातपाय दमले तर कळते. भावना दमली तर काय दमले हेच कळत नाही.

आता कोणी म्हणेल, यात नवे काय? मनात नसताना हसणे, राग गिळणे, हे आपण घरोघरी करतोच. लग्नघरात वरमायसमोर वधूची आई करते, मोठ्या जावेसमोर धाकटी जाऊ करते. हे खरेच आहे. पण घरातले हे सांभाळणे आणि नोकरीतले सांभाळणे यांत हॉकशिल्डबाई भेद करतात. नोकरीतल्या भावनिक श्रमाच्या तीन खुणा त्या सांगतात. लोकांशी समोरासमोर किंवा आवाजातून संबंध यावा लागतो. समोरच्याच्या मनात विशिष्ट भाव निर्माण करणे हे कामच असावे लागते. आणि तो भाव बरोबर निर्माण होतो की नाही यावर मालकाची देखरेख असते. धाकट्या जावेने एखाद्या दिवशी तोंड फिरवले तर फार तर चार दिवस अबोला होतो. काउंटरवरच्या मुलीने फिरवले तर तक्रारवहीत नोंद होते आणि वर्षअखेरीच्या बढतीच्या वेळी ती वही निघते.

मग ही माणसे हे करतात तरी कसे? इथे आपल्याला नाटकाकडे वळावे लागते, आणि मराठी माणसाला हे सांगायला फार लांब जावे लागणार नाही. भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हातवारे आणि चेहरा हा आंगिक, शब्द आणि स्वर हा वाचिक, वेशभूषा हा आहार्य. सात्त्विक मात्र निराळा. घाम, रोमांच, कंप, अश्रू हे नुसते ठरवून आणता येत नाहीत, त्यासाठी मन एकाग्र करून तो भाव आत उभा करावा लागतो. नोकरीतही नेमके हेच दोन मार्ग दिसतात. एक वरवरचा, आत संताप आहे पण ओठ हसतात. दुसरा आतला, म्हणजे मनालाच समजावून तिथे संतापाऐवजी दुसरे काही उभे करायचे. हॉकशिल्डबाईंनी हा दुसरा मार्ग समजावताना रशियन नाट्यगुरू स्तानिस्लावस्कीचा आधार घेतला. गणवेश, केसांचा अंबाडा आणि ओठांची लाली हा आहार्य अभिनय कंपनीच पुरवते, हे वेगळे सांगायला नको.

डेल्टाच्या वर्गात आतला अभिनय कसा शिकवत ते ऐकण्यासारखे आहे. विमान म्हणजे तुमच्या घरातली बैठकीची खोली समजा आणि प्रवासी म्हणजे तुमच्या घरी आलेले पाहुणे. एखादा प्रवासी अंगावर ओरडला तर समजा की हा पहिल्यांदाच विमानात बसलाय, घाबरलाय, घाबरलेले मूल किरकिर करते तसे करतोय. एक जण तर स्वतःला सांगत असे की या माणसाच्या घरी नक्कीच काहीतरी वाईट घडले असणार. एकदा असे मनाला पटले की राग खरोखर ओसरतो. आणि ही युक्ती वाईट नाही. आपल्या आजीने हेच शिकवले होते, 'असेल बाई त्याचं काहीतरी दुखणं.'

पण पाहुणा आणि प्रवासी यांत एक फरक आहे आणि तो बाईंच्या नजरेतून सुटला नाही. घरी आलेला पाहुणा आपल्याला उलट मान देतो. उद्या आपण त्याच्या घरी जाणार असतो. प्रवाशाकडून अशी परतफेड मिळत नाही. आणि राग आला तर समोरच्याचे काय चुकले असे विचारायचे नाही, आपण आपल्या रागाचे काय करू असे विचारायचे, हेच शिक्षण. वर्षानुवर्षे हे केल्यावर काहींना सुटीच्या दिवशीही हसू उतरवता येईना. काहींना आपल्याला खरोखर काय वाटते तेच उमगेना.

१९७८ मध्ये अमेरिकेत विमान वाहतुकीवरचे सरकारी नियंत्रण उठले. भाडी उतरली, गर्दी वाढली, विमाने भरून जाऊ लागली, पण सेविकांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. पूर्वी जिच्या वाट्याला निवांत पाहुणे यायचे तिच्या वाट्याला आता जास्त आले, तेही घाईतले. हसायचे तेवढेच आणि तसेच. तेव्हा मुलींनी एक गंमत केली. संप केला नाही, हसू कमी केले. थोडेसे, चटकन विझणारे, डोळ्यांपर्यंत न जाणारे. कारखान्यात कामगार जसे मुद्दाम हळू काम करतात तसे. मला या पुस्तकातला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण जी गोष्ट रोखून धरता येते ती काम असते, हे त्यातून आपोआप सिद्ध होते.

पुढच्या चाळीस वर्षांत यावर उदंड संशोधन झाले. २०११ मध्ये हुल्सहेगर आणि शेवे या दोन संशोधक महिलांनी तीन दशकांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष असा की वरवरचा अभिनय माणसाला झिजवतो. त्याचा थकव्याशी, कामाच्या असमाधानाशी स्पष्ट संबंध दिसतो. आतल्या अभिनयाचा तसा ठळक तोटा दिसत नाही, उलट ग्राहक अधिक समाधानी होतात. म्हणजे हॉकशिल्डबाईंना ज्याची जास्त भीती वाटत होती तो मार्ग तुलनेने कमी जाचक निघाला. मला मात्र बाईंची शंका पूर्ण फिटली असे वाटत नाही. प्रश्नावलीत माणूस आपल्याला जे जाणवते तेच लिहिणार. जे जाणवायचेच बंद झाले ते तो कसे लिहील?

भावनिक श्रम म्हणजे फक्त गोडवा, असा आपला समज असतो. तो खरा नाही. हॉकशिल्डबाईंनी हवाईसुंदरींच्या जोडीला थकबाकी वसूल करणारे लोकही अभ्यासले. त्यांचे काम उलटे, समोरच्याला लहान करायचे. रॉबर्ट सटन या संशोधकाने १९९१ मध्ये अशाच वसुली कर्मचाऱ्यांवर लिहिले. त्यांना शिकवलेले असे की आवाजात निकड हवी, किंचित चीड हवी. कर्जदार बेफिकीर असेल तर चीड वाढवायची. तो फार घाबरलेला असेल तर आवाज मऊ करायचा. तो संतापला तर आपण शांत व्हायचे, कारण संतापलेला माणूस पैसे भरत नाही. आता विचार करा, संतापलेल्या माणसाशी शांत बोलायला आपल्याला किती जड जाते आणि रडवेल्या माणसावर ओरडायला किती नको वाटते. ज्याला नैसर्गिक वागणे म्हणतात ते इथे दर फोनगणिक मोडावे लागते. आपल्याकडे वसुली एजंटांच्या त्रासाच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केले की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीदाराला वसुलीसाठी फोन करायचा नाही. कर्जदाराचे रक्षण झाले, चांगलेच झाले. पलीकडे बसून दिवसभर चीड आणणाऱ्या पंचवीस वर्षांच्या पोराचा विचार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

बरे, हसल्याने धंदा वाढतो तरी का? याच सटन यांनी अनात रफाएली यांच्याबरोबर एका साखळीतल्या ५७६ छोट्या दुकानांचा अभ्यास केला होता, तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. अपेक्षा ही की जिथे विक्रेते हसतात, नमस्कार-आभार करतात तिथे विक्री जास्त. निघाले उलटे! जिथे विक्री जास्त तिथे हसणे कमी. मग संशोधक स्वतः दुकानांत जाऊन उभे राहिले, तेव्हा उलगडा झाला. गर्दीच्या दुकानात रांगेतल्या माणसाला हसू नको असते, सुटे पैसे हवे असतात. विक्रेता हसत गप्पा मारायला लागला तर मागचे चारजण भडकतात. रिकाम्या दुकानात मात्र दोघांनाही वेळ असतो.

देशोदेशीचे रिवाजही वेगळे. अमेरिकेच्या वॉलमार्टने १९९७ मध्ये जर्मनीत दुकाने काढली आणि २००६ मध्ये गाशा गुंडाळला. कारणे पुष्कळ होती, पण दारात हसून स्वागत करणारा माणूस पाहून जर्मन ग्राहक बावचळत, हा त्यातला बहुचर्चित भाग. पुण्यातल्या दुकानदारांची थट्टा पु. ल. देशपांड्यांनी करून ठेवली आहे, तिला मी हात लावत नाही. एवढेच म्हणतो की काउंटरवरच्या त्या कोरड्या माणसाकडे एक दुर्मीळ चैन होती. दुकान त्याचे स्वतःचे होते. हसायचे की नाही हे तो ठरवत असे.

आता एक वेगळी बाजू. आमच्या सोसायटीत एक परिचारिका राहतात. लहान मुलांच्या वॉर्डात काम करतात. आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणतो. ड्यूटीवरून आल्यावर स्कूटर लावून त्या लगेच वर जात नाहीत. स्कूटरवरच दहा मिनिटे बसून राहतात. मला आधी वाटायचे, फोन बघत असतील. एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, "काका, वर गेल्यावर पोरं दारातच बिलगतात. त्याआधी चेहरा बदलून घेते."

मग त्यांनी एका दुपारची गोष्ट सांगितली. सातव्या खाटेवरचे मूल गेले. पडदा ओढलेला. आत त्याची आई. आठव्या खाटेवर पाच वर्षांची मुलगी, तिच्या इंजेक्शनची वेळ झालेली. सिस्टर पडद्याबाहेर आल्या आणि त्या मुलीला नेहमीसारखे म्हणाल्या, मुंगी चावणार हं, लाल की काळी सांग. मुलगी हसली. "काका, मला रडायचं होतं. पण आठव्या खाटेवरची आई माझ्याच तोंडाकडे टक लावून बघत होती. माझ्या तोंडावरून ती तिच्या पोरीचं बघत होती."

याला खोटे हसू म्हणायची माझी छाती नाही. हे कोणी पर्यवेक्षकाने सांगितलेले हसू नव्हते आणि त्याला गुण देणाराही कोणी नव्हता. योगायोग असा की जगातली पहिली हवाईसुंदरी, एलन चर्च, ही मुळात परिचारिकाच होती. १५ मे १९३० रोजी तिने पहिले उड्डाण केले, आणि घाबरलेल्या प्रवाशांना परिचारिका पाहून धीर येईल हाच कंपनीचा हिशेब होता. त्याच एका कौशल्यातून दोन वाटा फुटल्या. एकीत हसू रोग्यासाठी, दुसरीत कंपनीसाठी. त्रासाचे मूळ भावना सांभाळण्यात नाही, ती कोणाच्या हुकुमावरून आणि किती वेळ सांभाळायची यात आहे, असे मला हे सगळे वाचल्या-ऐकल्यावर वाटते. आठव्या खाटेशी सिस्टरनी जे केले ते त्यांचे स्वतःचे होते. पण सातव्या खाटेसाठी रडायला त्यांना त्या पूर्ण पाळीत जागा मिळाली नाही, तो भाग त्यांचा नव्हता.

हे काम मुख्यतः बायका करतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. हॉकशिल्डबाईंच्या अंदाजाने अमेरिकेतल्या सुमारे एकतृतीयांश नोकऱ्यांत भावनिक श्रमाची मोठी मागणी होती, आणि नोकरी करणाऱ्या बायकांपैकी मात्र जवळपास निम्म्या जणींच्या वाट्याला ती येत होती. त्याच विमानात त्याच पदावरच्या पुरुषाचे प्रवासी मुकाट ऐकत आणि बाईवर खेकसत, हेही त्यांनी टिपले. पुरुषाला त्याच्या दर्जाची ढाल असते, असे त्या म्हणतात. आपल्याकडे तर 'बायका जात्याच प्रेमळ' असे म्हटले की विषय संपतो. जे जात्याच आहे त्याचे पैसे कशाला द्यायचे? गावोगावच्या आशाताई पाहा. दारोदार जाऊन गरोदर सुनेला, तिच्या सासूला, दारूच्या नशेतल्या नवऱ्याला समजावणे, शिव्या ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारी जाणे, हे त्यांचे खरे काम. मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, कारण कागदोपत्री त्या स्वयंसेविका.

पुण्या-मुंबईत गेल्या पंचवीस वर्षांत कॉल सेंटरांनी हाच श्रम रात्रपाळीत आणला. अमेरिकेतला दिवस म्हणजे आपली रात्र. कितीतरी मुलामुलींनी नाव बदलले, उच्चार बदलले, आणि पलीकडून देशावरून शिव्या आल्या तरी आवाजातले हसू टिकवले. एक कॉल किती मिनिटांत संपला याची नोंद एकीकडे आणि ग्राहक किती खूश झाला याची दुसरीकडे. घाई करा पण घाईत आहात असे भासू देऊ नका!

देखरेख माणसाकडून यंत्राकडे जाऊ लागली त्यालाही बराच काळ झाला. २००९ मध्ये जपानमधल्या केइक्यू या रेल्वे कंपनीने काही स्थानकांवर ओमरॉन कंपनीचे यंत्र बसवले. कर्मचाऱ्याने कामापूर्वी त्यासमोर हसायचे, यंत्र शून्य ते शंभर असे गुण देई. आता कॉल सेंटरांतल्या संगणकप्रणाली आवाजातला चढ-उतार ऐकून पडद्यावर सूचना देतात, सहानुभूती दाखवा, वेग कमी करा. युरोपीय संघाला मात्र यात धोका दिसला. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे तेवढी वगळली.

कायद्याच्या बाबतीत सर्वांत पुढे गेला तो दक्षिण कोरिया. तिथे डिसेंबर २०१४ मध्ये एक प्रकरण गाजले. न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानात कोरियन एअरच्या मालकांच्या मुलीला, ती कंपनीत मोठ्या पदावर होती, मॅकाडेमिया हा सुकामेवा बशीऐवजी पाकिटातच दिला गेला. तिने इतका तमाशा केला की धावपट्टीकडे निघालेले विमान मागे फिरवून मुख्य सेवकाला उतरवले. देश खवळला. बळवान माणूस नोकरमाणसाशी कसा वागतो यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली. १८ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे कायदा लागू झाला. ग्राहकाच्या शिवीगाळीमुळे कर्मचाऱ्याच्या प्रकृतीला धोका असेल तर मालकाने त्याचे ते काम थांबवले पाहिजे किंवा बदलून दिले पाहिजे, विश्रांती आणि उपचाराची सोय केली पाहिजे. तशी मागणी केल्याबद्दल त्याला काढून टाकले तर मालकाला शिक्षा. टोकियोनेही १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांच्या छळाविरुद्ध नियम केला, पण त्यात दंड नाही.

आपल्याकडचे चित्र भिंतींवर वाचता येते. सरकारी कचेरीत पाटी असते, शासकीय कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणल्यास कलम ३५३, म्हणजे जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १३२. बँकेत, दुकानात पाटी असते ती ग्राहक हाच आपला देव अशा अर्थाची, बहुधा गांधीजींच्या नावाने. एका पाटीत ग्राहक आरोपी, दुसरीत देव! मधले काही नाही. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा केला. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तर बाहेरून कामाच्या ठिकाणी येणाऱ्या लोकांपासून स्त्री कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिले आहे. पण साधी शिवी, साधा अपमान, 'तुझी नोकरी घालवीन' अशी साधी धमकी, हे सारे अजून हसून घ्यायचे असते. फोन ठेवून देण्याची मुभा काही कंपन्या देतात. ती कंपनीची मर्जी, कर्मचाऱ्याचा हक्क नव्हे.

परवा स्कूटरवर बसलेल्या सिस्टरना मी कोरियाच्या या कायद्याबद्दल उत्साहाने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग पिशवी उचलत म्हणाल्या, "कायदा होईल तेव्हा होऊ दे, काका. वॉर्डाशेजारी आतून कडी लागणारी एक खोली दिली तरी चालेल. सध्या आम्ही चादरींच्या कपाटामागे जाऊन उभ्या राहतो. तिथे एका वेळी एकीलाच जागा आहे."